वाईनवाले दाजी

रंगनाथ दाजींच्या दशक्रियेला नदीकाठी सहा जण बोलले. आमच्याकडे दहाव्याला भाषणं करायची रीत आहे. गेलेला माणूस कसा का असेना, माईक हातात आला की तो देवमाणूसच होतो. एक जण म्हणाला, द्राक्षं आपण सगळेच पिकवतो, पण द्राक्षाचा खरा रसिक या पंचक्रोशीत एकच होता. दुसरा म्हणाला, दाजींनी जुन्नर तालुक्याला वाईन घ्यायला शिकवली. तिसऱ्याने तर ‘असं नाक पुन्हा होणे नाही’ असं म्हणून रुमाल काढला. मी पुढच्याच रांगेत सतरंजीवर बसलो होतो. सख्खा मेव्हणा म्हणून मलाही दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. घसा बसलाय, असं मी खुणेनेच सांगितलं.

घसा चांगला होता. पण मला जे बोलायचं होतं ते दहाव्याला बोलण्यासारखं नव्हतं, म्हणून इथे लिहितो.

दाजी म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचे, अक्काचे, यजमान. आम्ही आंबेगाव तालुक्यातले, घोड नदीच्या काठचे. अक्काला शेजारच्या जुन्नर तालुक्यात, बोरी बुद्रुकला दिलेली. बहिणीच्या नवऱ्याला अरेतुरे करायची सोय आपल्याकडे नाही, म्हणून पुढे सगळं अहोजाहोतच येईल. वाचणाऱ्याने तेवढा मान वजा करून घ्यावा. मला दाजी कधीच आवडले नाहीत. आधी नुसते आवडत नव्हते, पुढे त्यांचा राग यायला लागला, आणि ते गेले तरी तो राग गेलेला नाही.

दिसायला माणूस रुबाबदार. उंच, गोरे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट, खिशाला दोन पेनं. नव्वदच्या सुमाराला ते आमच्या भागातल्या एका वाईन कंपनीत द्राक्षखरेदीवर सुपरवायझर म्हणून लागले. शेतकऱ्याच्या बागेत जायचं, चार मणी चुरडून रसाचा थेंब काचेवर टाकायचा, साखर मोजायच्या नळीला डोळा लावायचा आणि ‘अजून आठ दिवस थांबा’ म्हणायचं, एवढंच काम. साखर नळी सांगायची, पण दाजी अशा काही थाटात मान हलवायचे की समोरच्या शेतकऱ्याला वाटावं, ती ह्यांनीच घातली आहे.

नाक खरोखरच मोठं होतं, त्याबद्दल वाद नाही. फक्त त्या नाकाला वास येत नव्हता. वीस वर्षं तपकीर ओढून त्यांनी ते कामातून घालवलं होतं. शर्टाच्या आतल्या खिशात तपकिरीची चपटी डबी असायची. पाहुणे यायच्या आधी मागच्या दारी जाऊन एक चिमूट ओढायची, दोनदा सणसणीत शिंकायचं, नाक पुसायचं आणि पुढच्या दारी येऊन वाईनचा वास घ्यायचा. घरात दूध करपलं तरी शेजारणीने ओरडून सांगेपर्यंत ह्यांना कळायचं नाही. हे अक्काला ठाऊक होतं, मला ठाऊक होतं. बाकी कोणाला नव्हतं.

आमच्या गावांत तोपर्यंत दोनच जाती होत्या: पिणारे आणि माळकरी. मध्ये काही नव्हतं. दाजींनी मध्ये स्वतःची एक तिसरी जात काढली. ‘दारू पितात, वाईन घेतात,’ हे त्यांचं ठरलेलं वाक्य. ते म्हणताना ते ‘घेतात’वर थांबायचे आणि समोरच्याने मान डोलवेपर्यंत पुढे जायचे नाहीत. दर रविवारी दुपारी त्यांच्याकडे जेवायला कोणी ना कोणी असायचं. कंपनीचे लोक, सोसायटीचा चेअरमन, निमगाव सावाचे एक बडे बागायतदार, हायस्कूलचे हेडमास्तर. जेवणाआधी वाईन. तिचा एवढा सोहळा की भुकेने माणसाचा जीव कासावीस व्हावा.

ग्लासांचे तीन वर्ग होते. उंच दांडीचे सहा ग्लास कंपनीच्या लोकांना. सरबताचे फुलाफुलांचे ग्लास गावातल्या मानकऱ्यांना. आणि मला स्टीलचा पेला. पहिल्यांदा मला वाटलं ग्लास कमी पडले असतील. पण शोकेसमध्ये दोन उंच ग्लास रिकामे दिसत होते. माझी नजर तिकडे गेलेली बघून दाजी चारचौघांत म्हणाले, “पाव्हणं, तुमाला काय, आत गेल्याशी मतलब.” सगळे हसले. मीही हसलो. आता आठवलं की कानशिलं तापतात, पण तेव्हा हसलो खरा.

ती शोकेस म्हणजे दाजींचं देवघर होतं. हॉलमध्ये टीव्हीच्या शेजारी, पश्चिमेच्या खिडकीसमोर. तीत बाटल्या ओळीने उभ्या. कंपनीत त्यांना शंभरदा सांगितलं होतं की बाटली आडवी ठेवायची, थंड अंधाऱ्या जागी. बूच वाईनने ओलं राहिलं पाहिजे, नाहीतर ते सुकतं, हवा आत जाते आणि माल नासतो. दाजी हे सगळं पाहुण्यांना पाठ म्हणून दाखवायचे. स्वतःच्या घरात मात्र एकही बाटली आडवी पडू द्यायचे नाहीत. का, तर आडवी बाटली म्हणजे दारुड्याचं घर. गावातल्या कोणी दारातून डोकावलं तर काय म्हणेल? शोकेसमध्ये मावायच्या नाहीत त्या बाटल्या स्वयंपाकघराच्या माळ्यावर, तापलेल्या पत्र्याखाली. त्याही उभ्या, शाळेच्या प्रार्थनेला उभ्या केल्यासारख्या. त्यामुळे त्यांच्या घरातली दर चौथी-पाचवी बाटली बिघडलेली असायची.

आणि तरीही पाहुण्यांपुढे कधी बिघडलेली बाटली आली नाही. कशी आली नाही, ते मला पुष्कळ उशिरा कळलं.

ज्या रविवारी ते कळलं, त्या रविवारी अक्काने मासवडी केली होती. आमच्याकडची मासवडी म्हणजे बेसनाच्या वडीत तीळ-खोबऱ्याचं सारण आणि सोबत डोळ्यांतून पाणी काढणारा रस्सा. दाजींनी सकाळीच फर्मान सोडलं होतं की रस्सा फिका पाहिजे, तिखटाने वाईनची चव मरते. अक्का म्हणाली, “फिका रस्सा आजाऱ्याला देत्यात, पावण्यांना न्हाई.” त्यावर त्यांनी मिरचीचा डबाच उचलून कपाटात ठेवला आणि किल्ली खिशात घातली. पाहुण्यांनी तो पाणचट रस्सा दोन घास खाल्ला, एकमेकांकडे पाहिलं, आणि शेवटी चेअरमन हळूच म्हणाले, “वहिनी, ठेचा हाय का जरा?” दाजींचं तोंड उतरलं. पाहुणे गेल्यावर ते अक्काला म्हणाले, “माझी इज्जत घालवलीस. हाताला चव न्हाई तुझ्या.” किल्ली अजून त्यांच्याच खिशात होती.

त्याच दिवशी, जेवणाआधी, मी स्वयंपाकघरात पाटावर बसून चहा पीत होतो. अक्काने माळ्यावरून बाटली काढली, बूच उपसलं, बाटलीचं तोंड नाकाशी नेलं आणि तोंड वाकडं केलं. ती बाटली तिने मागच्या दाराशी नेऊन ठेवली. दुसरी काढली, उघडली, वास घेतला, मान हलवली. गळ्याला स्वच्छ फडकं गुंडाळलं. एवढ्यात दाजी ‘पाणी बघतो’ म्हणत आत आले. अक्काने हळू आवाजात सांगितलं, “लाल हाय. पिकल्या जांभळाचा वास, आन् मागून हिरड्यावानी तुरट.” दाजी ओठ हलवत पुटपुटले, बाटली घेऊन बाहेर गेले, आणि मी चहाचा घोट तसाच तोंडात धरून ऐकत राहिलो. बाहेर दाजींनी ग्लास गोल फिरवला, नाक आत खुपसलं, डोळे मिटले आणि म्हणाले, “वा! प्रथम जांभूळ येतं बघा. आणि शेवटाला हिरड्याचा तुरटपणा.” कंपनीचे साहेब म्हणाले, “रंगनाथराव, तुमचं नाक म्हणजे कमाल आहे.”

मी अक्काकडे पाहिलं. ती भाकरी थापत होती.

अक्काचं नाक लहानपणापासून असंच. कांद्याच्या चाळीत दार उघडल्याबरोबर कोणत्या कोपऱ्यात कांदा सडायला लागलाय ते ती सांगायची, आणि आमचे वडील, अण्णा, तिथेच हात घालायचे. घोडेगावच्या बाजारात डोंगरातली आहुप्याकडची माणसं हिरडा घेऊन यायची, तेव्हा पोत्यावरून फिरवलेला हात नुसता हुंगून हिरडा ओला भरलाय की वाळवून, हे ती ओळखायची. घरात ह्याचं कोणाला विशेष वाटलं नाही. पोरीचं नाक तिखट आहे, एवढंच. सातवीनंतर शाळा सुटली, विसाव्या वर्षी लग्न झालं, आणि ते नाक दाजींच्या घरात गेलं.

तिला मी विचारलं, “हे कधीपासून चाललंय?”

“लई वर्सं झाली,” ती म्हणाली. “एकदा म्या म्हनलं, ह्या बाटलीला भिजल्या गोणपाटाचा वास मारतोय. तर माझ्यावर वस्सकन आले, तुला काय अक्कल, म्हणून. त्याच बाटलीवर साहेब तेच बोलले. तवापासून आधी मला विचारत्यात.”

“आणि श्रेय?”

“ते काय असतं?” असं म्हणून ती हसली आणि भाकरी उलटली. तिला अजून त्याचं काही वाटत नव्हतं. मला वाटत होतं, पण मी त्या घरातून तीन बाटल्या पिशवीत घालून निघालो होतो, म्हणून तेही फार वाटून घेतलं नाही. मी सरकारी कचेरीत कारकून. माझ्या साहेबांना वाईनची गोडी लागली होती आणि मला गावाजवळ बदली हवी होती. ह्यापेक्षा जास्त सांगायची गरज नाही.

मग लॅबच्या मॅडम आल्या.

कंपनीच्या प्रयोगशाळेत पुण्याच्या एक बाई नव्याने लागल्या होत्या. तरुण, चष्मा, हातात सतत वही. द्राक्षांच्या हंगामात एका रविवारी त्यासुद्धा दाजींकडे जेवायला होत्या. पाणी मागायला म्हणून त्या स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी अक्काला बाटली नाकाशी धरलेली पाहिली. दुसरी कोणी असती तर हसली असती. ह्या बाईंनी विचारलं, “काय वास येतोय?”

अक्का घाबरली. पण खोटं बोलायची तिला तेव्हा सवय नव्हती. म्हणाली, “ही नगा घिऊ. भिजल्या गोणपाटाचा येतोय. लई बारीक हाय, पण हाय.”

मॅडमनी बाटली घेतली, बराच वेळ वास घेतला, मग सावकाश मान हलवली. तशाच जीपकडे गेल्या आणि नमुन्याच्या तीन छोट्या बाटल्या घेऊन आल्या. मी दारात उभा होतो. अक्काने पदराला हात पुसले आणि एकेक हुंगली. पहिलीला म्हणाली, “ही कवळी हाय. करवंदाच्या चिकावानी.” मग दुसरी आणि तिसरी चार-चार वेळा आळीपाळीने हुंगली. म्हणाली, “ह्या दोनीतला माल एकच हाय बगा. पर भांडं निराळं. ही लाकडात ठिवली व्हती.” मॅडमनी पेन उचललं आणि अक्काचं वाक्य जसंच्या तसं वहीत लिहून घेतलं.

जेवण झाल्यावर मॅडमनी सर्वांसमोर सांगितलं. हंगामाचे तीन महिने, आठवड्यातून तीन दिवस, अक्काने लॅबमध्ये यायचं. प्यायचं नाही. वास घ्यायचा, जिभेवर टेकवून थुंकायचं, आणि जे वाटेल ते स्वतःच्या शब्दांत सांगायचं. न्यायला-आणायला जीप. दाजी हसत म्हणाले, “वा, वा, विचार करू मॅडम.” ते हसताना त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी पाहिला.

जीप वळणाआड गेली आणि दाजी अक्कावर उलटले. घरातली बाई दारूच्या कंपनीत वास घेत बसली तर लोक तोंडात शेण घालतील, माहेरी माळ आणि सासरी बाटली, लाज नाही वाटत, असं बरंच. लाजेचा प्रश्नच नव्हता. अक्का लॅबमध्ये बसली असती तर चार दिवसांत सगळ्या कंपनीला कळलं असतं की इतकी वर्षं वास कोण घेत होतं. दाजींना जळत होतं ते इथे.

त्या दिवशी निघताना अक्का मला ओसरीवर सोडायला आली. एरवी कधी काही न मागणारी माझी बहीण माझा दंड धरून म्हणाली, “सुभाष, मला जायाचंय. पैशाचं न्हाई रे. तुला काय वाटतं, असं मला आजवर कुणी इचारलंच न्हवतं. त्या बाईनं इचारलं आन् लिहून घेतलं. हे अण्णांकडं जाणार हायेत. अण्णा तुझं ऐकत्यात. तू तेवढं बोल.”

मी म्हणालो, “बोलतो की.”

चारच दिवसांनी दाजी अक्काला घेऊन आमच्या घरी आले. मॅडमना स्वतः नाही म्हणण्यापेक्षा नकार त्यांना अण्णांच्या माळेवर टाकायचा होता. अण्णा माळकरी. आयुष्यात चहाखेरीज कशाला स्पर्श न केलेला माणूस. दाजी कॉटवर बसले, मांडी घातली आणि बोलायला लागले. अण्णांच्या गळ्यातल्या माळेचा त्यांना इतका कळवळा आला की मी थक्क झालो. त्या दिवशी दाजींच्या तोंडून वाईनला पहिल्यांदा दारू म्हटलेलं ऐकलं. एकदा नव्हे, दहा वेळा. दारूची कंपनी, दारूचा वास, दारूचे ग्लास.

अण्णांनी सगळं ऐकून घेतलं. मग दाराला टेकून उभ्या असलेल्या अक्काला विचारलं, “प्यावी लागती का गं?”

“न्हाई अण्णा. नुस्ता वास. तोंडात घेतली तर थुकायची.”

अण्णांनी गळ्यातली माळ सारखी केली. मग अगदी सहज म्हणाले, “मग त्यात पाप ते काय?” दाजींचा चेहरा पडला. अक्काने मान वर केली. अण्णा माझ्याकडे वळले. “तू शिकलेला. चार लोकांत वावरतो. तू सांग, काय करावं?”

नुसतं ‘जाऊ द्या तिला’ एवढंच म्हणायचं होतं. त्यापुढे दाजींचं काही चाललं नसतं, कारण स्वतःच विचारायला आल्यावर अण्णांचा शब्द ते मोडू शकत नव्हते. पण माझ्या बदलीची ऑर्डर अजून निघायची होती आणि साहेबांना आणखी दोन बाटल्या हव्या होत्या. दाजी माझ्याकडे बघत होते. त्यांना ते माहीत होतं.

मी म्हणालो, “दाजी म्हणतील तसं.”

अक्काने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. ती आत गेली आणि आमच्या आईच्या हाताखाली भाजी निवडायला बसली. मला महिनाभरात बदली मिळाली. ती मिळाल्याचा आनंद झाला हे मी कबूल करतो, कारण इथे दाजींबद्दल खरं लिहायचं आणि स्वतःबद्दल लपवायचं, हे बरं दिसणार नाही.

पुढच्या रविवारपासून अक्काने एक केलं. ती बाटली पूर्वीसारखीच उघडायची, पूर्वीसारखाच वास घ्यायची, आणि दाजी आत आले की म्हणायची, “चांगली हाय.”

बस, एवढंच. जांभूळ नाही, हिरडा नाही, करवंद नाही. मागच्या दाराशी एकही बाटली गेली नाही. आंबलेली असो, गोणपाटाची असो, बरणीतल्या बुरा आलेल्या लोणच्याची असो, “चांगली हाय.” दाजी चिडायचे, “अगं, कशी चांगली? वास कसला?” ती म्हणायची, “मला काय कळतं त्यातलं?” दाजींपाशी जुने शब्द होते. ते तेच फिरवून फिरवून वापरायला लागले. पांढऱ्या वाईनला जांभळाचा वास येतो, असं त्यांनी एकदा हेडमास्तरांना सांगितलेलं मी स्वतः ऐकलं. ग्लासात आंबट पाणी आणि दाजी डोळे मिटून ‘वा’ म्हणताहेत, असे किती रविवार गेले असतील. पाहुणे सभ्य. ते दोन घोट घ्यायचे, ग्लास खाली ठेवायचे आणि पुढच्या वेळी काही कारण सांगायचे. निमगाव सावाच्या बागायतदारांना दर रविवारी लग्नं निघायला लागली. चेअरमननी पित्ताची गोळी पुढे केली. दाजी म्हणायचे, “लोकांची जीभ मेली. द्राक्षावर औषधं मारून मारून जीभ मेली सगळ्यांची.”

माझं म्हणाल तर मला मजा वाटायची. मला वाटायचं, अक्का आणि मी एका बाजूला आहोत. मी मुद्दाम रविवारी जायला लागलो. अक्काने ‘चांगली हाय’ म्हटलं की मी तिच्याकडे बघून मिशीत हसायचो. ती हसायची नाही. मला वाटायचं, हा तिचा स्वभाव.

अशी आठ-नऊ वर्षं गेली. दाजी रिटायर झाले. कंपनीतले जुने लोक गेले होते. मॅडमही केव्हाच दुसरीकडे लागल्या होत्या. तरी दाजींनी निरोपाचं जेवण स्वतःच्याच घरी ठेवलं आणि नव्या मॅनेजरांना व त्यांच्याबरोबरच्या दोघांना बोलावलं. मला सकाळीच हजर राहायचा हुकूम. त्या दिवशी शोकेसमधली सर्वांत जुनी बाटली निघाली. कंपनीत लागल्यावर पहिल्या दिवाळीला मिळालेली लाल वाईन, सतरा-अठरा वर्षं पश्चिमेच्या उन्हात उभी. अक्का दर शनिवारी तिच्यावरची धूळ पुसायची. बूच काढायला गेलं तर त्याचा भुगा झाला. आतला रंग विटकरीसारखा झालेला. मी दोन हात लांब बसलो होतो, तरी मला शिरक्याचा आंबट भपकारा आला.

दाजींनी ह्या वेळी बाटली आत नेली नाही. कदाचित एवढ्या वर्षांनी त्यांना पाहुण्यांसमोर मोठेपणाही दाखवायचा असेल. त्यांनी अक्कालाच बाहेर बोलावलं. “आमच्या मंडळींनापण कळतं थोडंफार,” ते मॅनेजरांना म्हणाले. “सांग गं, कशी आहे?”

अक्काने ग्लास नाकाशी नेला, खाली ठेवला. “चांगली हाय.” आणि ती आत गेली.

तिघांनी एकेक घोट घेतला. सर्वांत तरुण होता त्याने रुमाल तोंडाला लावला. मॅनेजरनी घोट कसाबसा गिळला आणि ते खिडकीबाहेर बघायला लागले. दाजींनी एकेकाच्या चेहऱ्याकडे पाहिलं. मग स्वतः ग्लास घेतला, नाक आत घातलं, जोरात श्वास ओढला, पुन्हा ओढला. त्यांना काहीतरी चुकल्याचं कळलं होतं, पण काय ते कळायला त्यांच्याकडे साधनच नव्हतं. आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्याकडे वळले आणि लहान आवाजात म्हणाले, “पाव्हणं, तुमी सांगा. कशी हाय?”

इतक्या वर्षांच्या त्या स्टीलच्या पेल्याचा राग माझ्या मनात होता. मी घोट घेतला, चेहरा सरळ ठेवला आणि म्हणालो, “एक नंबर, दाजी.”

दाजींच्या जिवात जीव आला. त्यांनी ग्लास एका दमात रिकामा केला. मॅनेजर उठले आणि बाग बघायची आहे म्हणाले. तिघेही बाहेर गेले.

मी स्वयंपाकघरात गेलो. मला हसू आवरत नव्हतं. म्हणालो, “अक्का, बघितलंस? अख्खा ग्लास प्यायले. आज फिटलं सगळं.”

अक्का रस्सा ढवळत होती. तिने पळी कढईवर आपटली आणि माझ्याकडे पाहिलं. त्या दिवशी अण्णांसमोर जे पाहिलं नव्हतं ते आता पाहिलं.

“मी ह्यांच्याशी खोटं बोलते, ते माझं मी बगीन,” ती म्हणाली. “तू का बोललास?”

“तुझ्यासाठी.”

“माझ्यासाठी बोलायचं व्हतं तवा तुझी दातखीळ बसली व्हती. तवाबी तू ह्यांना पायजे तेच बोललास, आन् आजबी ह्यांना पायजे तेच बोललास. ह्यांचाच मानूस हायेस तू.” मग तिने जेवणाची ताटं मांडायला घेतली. “जा, बस जा त्यांच्यापाशी. एकटे हायेत.”

मी हॉलच्या दारात आलो. दाजींना धडधाकट पाहिलं ते तेव्हाच शेवटचं. पुढे त्यांनी अंथरूणच धरलं. टेबलापाशी ते एकटेच होते. पाहुण्यांनी टाकलेले तीन ग्लास एकेक करून ते आपल्या ग्लासात ओतून घेत होते, एक थेंबही न सांडता. भरलेला ग्लास त्यांनी गोल फिरवला, डोळे मिटून मोठा घोट घेतला, ओठ पुसले. डोळे उघडले तेव्हा समोर मी होतो.

“पाव्हणं,” ते म्हणाले, “खरं सांगा. माणसं अशी उठून का गेली? नाक गेलं का काय माझं?”

आत ताटांचा आवाज थांबला होता. अक्का ऐकत होती.

मी म्हणालो, “न्हाई, दाजी. त्यांनाच कळत न्हाई.”